परवाना आहे, किल्ली वॉचमनकडे आहे

माझी तक्रार लहान आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, विधानसभेत लक्षवेधी लागणार नाही आणि टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडणार नाहीत. तक्रार एवढीच, की महाराष्ट्रात ज्या दलालाला नोंदणी करावी लागते, शिकावं लागतं, परीक्षेला बसावं लागतं, तो दलाल माझ्या वाट्याला कधी येत नाही. माझ्या वाट्याला येतो तो दुसरा.

पहिल्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्यावर सरकारनं बरेच कष्ट घेतले आहेत. रेरा कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. तेव्हापासून नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकताना मध्ये पडणाऱ्या माणसाला महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते. एकट्या माणसाला दहा हजार रुपये फी, कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख. मुदत पाच वर्षं. बदल्यात ‘ए’ या अक्षरानं सुरू होणारा एक लांबलचक नंबर मिळतो. नोंदणी न करता धंदा केला तर दिवसाला दहा हजार दंड, आणि तो चढत चढत त्या जागेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. रोजच्या रोज चढणारी रक्कम आजवर मी फक्त गिऱ्हाइकाच्या अंगावर चढताना पाहिली होती.

मग जानेवारी २०२३ मध्ये महारेराला वाटलं, की नुसती नोंदणी पुरे नाही, एजंटाला विषय कळतही असावा. विचार धाडसी होता. वीस तासांचं प्रशिक्षण, त्यानंतर परीक्षा, पास झाला तर सक्षमता प्रमाणपत्र. परीक्षा घ्यायचं काम आयबीपीएसकडे. हीच ती संस्था, जिच्या बँकभरतीच्या परीक्षांसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत पोरं पहाटे पिशवी ठेवून जागा धरतात. आता ‘कार्पेट एरिया म्हणजे काय’ असा प्रश्न त्याच संस्थेच्या पेपरात अशा माणसासमोर येऊ शकत होता, ज्यानं आयुष्यभर सुपर बिल्ट-अपवर संसार केला.

पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. बसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पास झाले. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांनी हा निकाल मनाला लावून घेऊ नये. खरी गंमत मात्र हजेरीची झाली. मुदत वाढवून देण्यात आली, शेवटी १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय काम बंद असं ठरलं, आणि त्या वर्षी प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी महारेरानं स्थगित केली. वीस हजार! एवढ्या मोठ्या संख्येनं परीक्षेचा घोळ झाला की आपल्याकडे पेपर रद्द होतो. इथे एजंट रद्द झाले.

मला त्या वीस हजारांचा राग नाही. कुतूहल आहे. ही माणसं गेली कुठे? ज्यानं वीस वर्षं लोकांना घरं दाखवली, तो सकाळी उठून एकदम डाळिंबाची बाग लावायला जात नाही. त्याच्याकडे अजून दोन मोबाइल आहेत, पन्नास वॉचमनांची ओळख आहे आणि ‘काका, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य तोंडात बसलेलं आहे. या भांडवलावर दुसरं काय करता येतं? माझा संशय असा, की त्यातले बरेचसे भाड्याच्या कामाकडे वळले. पुरावा माझ्याकडे नाही. कोथरूडपासून वारज्यापर्यंतच्या खांबांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत, पण त्या कोर्टात चालणार नाहीत.

वळले असतील तर शहाणेच म्हणायचे. कारण रेरा कायद्यातली एजंटाची व्याख्या चांगली ऐसपैस असली, दलाल, मध्यस्थ, कुठल्याही नावानं वावरणारा, कुठल्याही माध्यमातून गाठ घालून देणारा असे सगळे तिच्यात कोंबलेले असले, तरी व्यवहार विक्रीचा हवा आणि जागा प्रकल्पातली हवी. घरमालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये उभा असलेला माणूस त्या व्याख्येच्या बाहेर, अगदी मोकळ्या हवेत उभा आहे. म्हणजे जो गृहस्थ आयुष्यात एकदा कोटभराचं घर घेतो, ज्याच्यासोबत वकील असतो, बँक असते आणि सगळं ठाऊक असलेला एक मेहुणा असतो, त्याच्या रक्षणाला शिकलेला, तपासलेला, नंबर घातलेला एजंट. आणि जे पोर दर अकरा महिन्यांनी गादी गुंडाळून नव्या सोसायटीत जातं, त्याच्या रक्षणाला जो पहिल्यांदा फोन उचलेल तो.

भाड्याच्या दलालाच्या ऑफिसात सरकारी कागद अजिबात नसतो असं मात्र कुणी म्हणू नये. शॉप अ‍ॅक्टचा कागद असतो. फ्रेम करून, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेला, कधी कधी हारसुद्धा दोघांत मिळून एक. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणीची भानगड नाही, नुसती सूचना द्यायची. यानं सरकारला कळवलं, की आम्ही इथे बसतो. सरकार म्हणालं, बसा.

पुतण्याला पुण्यात नोकरी लागली आणि घर शोधायची जबाबदारी काकावर आली. काकाला वेळ असतो, असं आमच्या घराण्यात मानतात. पहिली जाहिरात पाहिली तिच्यावर ‘डायरेक्ट ओनर, नो ब्रोकरेज’ असं होतं. फोन लावला. ओनर म्हणाले, तो फ्लॅट सकाळीच गेला काका, पण त्याच्यापेक्षा भारी एक आहे, माझ्या मित्राचा. नंतर लक्षात आलं, की या ओनरना मित्र खूप आहेत आणि प्रत्येक मित्राला भाड्यानं द्यायला एक घर आहे. जाहिरातीतला फ्लॅट मात्र कधीच शिल्लक नसतो. संध्याकाळी फोन केला तर सकाळीच गेलेला असतो, सकाळी केला तर काल रात्री. फोटो मात्र पुढे कित्येक दिवस तिथेच राहतात. त्यात एक पांढराशुभ्र सोफा असतो आणि खिडकीतून समुद्र दिसत असतो. जाहिरात धायरीची असते.

(विक्रीच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो, नाही छापला तर पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो कोड मोबाइलनं टिपला की प्रकल्पाची सगळी कुंडली समोर येते. भाड्याच्या जाहिरातीला कुंडली नाही. तिथे समुद्रावर समाधान मानायचं.)

मित्राचं घर पाहायला ठरल्या वेळी मी गेलो. दलाल अ‍ॅक्टिव्हावरून आला, हेल्मेटच्या आत मोबाइल खोचलेला, म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि बोलणं अखंड चालू. मला मानेनं ‘चला’ केलं आणि हेल्मेटातल्या माणसाला म्हणाला, ‘मी पोचलोच, दोन मिनिटं.’ तो ज्याला पोचलोच म्हणत होता ते ठिकाण बाणेरला होतं, हे मला पुढच्या वाक्यावरून कळलं. आम्ही वारज्याला होतो.

किल्ली वॉचमनकडे होती. वॉचमन पाण्याची मोटर चालू करायला गेला होता. मोटरची किल्ली सेक्रेटरींकडे होती. सेक्रेटरी झोपले होते. हे सगळं सरळ व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. त्या वेळात दलालानं मला मालकांविषयी माहिती दिली. मालक फार सज्जन आहेत, अमेरिकेत असतात, पैशाची त्यांना गरजच नाही, फक्त माणूस चांगला हवा. ज्यांना पैशाची गरज नाही ते पाच महिन्यांचं डिपॉझिट का मागतात, हे मी विचारलं. तो म्हणाला, ‘माणूस चांगला हवा म्हणूनच.’

फ्लॅट दोन बेडरूमचा होता, त्यातली एक कुलपात. ‘त्यात मालकांचं सामान आहे, ती तुम्ही पकडूच नका.’ मी ती पकडली नाही. भाडं मात्र तिच्यासकट धरलेलं होतं. फर्निचर म्हणून पडद्याचे दांडे होते, आणि ट्यूबलाइटची पट्टी होती, बिनट्यूबची. दलालानं घरातली सगळी बटणं एका दमात दाबली, लिफ्टमध्ये लहान मुलं दाबतात तशी, आणि जे पंखे फिरले त्यांच्याकडे अभिमानानं पाहिलं. मी नळ सोडला. नळातून आधी हवा आली, मग थोडा खोकला, मग तांबूस पाण्याची एक चूळ. ‘पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही,’ तो म्हणाला, ‘रोज टँकर येतो.’

एवढा वेळ तो हॉलच्या एकाच भिंतीला पाठ लावून उभा होता. स्वयंपाकघर बघा म्हणाला, पण स्वतः आला नाही. गॅलरी बघा म्हणाला, तिथेही आला नाही. शेवटी त्याचा दुसरा मोबाइल वाजला आणि तो रेंजसाठी खिडकीशी गेला, तेव्हा भिंतीवर पंख्याएवढी ओल दिसली, फुगलेली, पोपडे धरलेली. त्याच्या निळ्या शर्टाच्या खांद्यावर चुन्याची पांढरी पावडर बसली होती. त्यानं ती झटकली, सराईतपणे, पाठीमागे हात नेऊन. शर्टावर त्या जागी जुने पांढरट डागही होते. तेव्हा मात्र मला त्याच्याविषयी आदर वाटला. हा माणूस शहरातल्या किती भिंतींना असा टेकला असेल!

मग चौकशी सुरू झाली, माझी. मुलगा कुठल्या गावचा, कंपनी कुठली, पगार किती, लग्न ठरलंय का, मित्र येतात का, मैत्रिणी येतात का, आणि आवाज थोडा खाली आणून, ‘खाण्याचं काय?’ सोसायटीचं तसं काही नाही, पण मालकांचं जरा असतं. मालक अमेरिकेत बसून वारज्याच्या कढईत काय शिजतंय याची काळजी करतात, हे ऐकून मन भरून आलं. नंतर कागद. आधार, पॅन, ऑफर लेटर, ऑफिसचं ओळखपत्र, पासपोर्ट फोटो, मूळ गावचा पत्ता, पोलिस व्हेरिफिकेशनसाठी दोन ओळखीच्या माणसांची नावं. सगळं दिलं. मग मी त्याला एकच गोष्ट विचारली, तुमचा नोंदणी नंबर? त्यानं मोबाइल नंबर दिला. एक लागला नाही तर असावा म्हणून दुसराही दिला.

आता हिशेब. समजा भाडं महिना पंचवीस हजार, डिपॉझिट सव्वा लाख, करार अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेलं कल्पित व्याज धरायचं. म्हणजे सरकारचे सातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात एक हजार. एवढ्यात सरकार तो करार लिहून घेतं, अंगठे घेतं, फोटो घेतं, जपून ठेवतं आणि उद्या भांडण झालं तर कोर्टात तो कागद उभाही राहतो. वर तीन-चारशे सटरफटर धरा. दोन हजारांत काम झालं.

दलालाचे पंचवीस हजार. माझ्याकडून. मालकाकडूनही एक महिन्याचं भाडं घेतो, असं तोच सांगतो, म्हणजे मला बरं वाटावं. सरकारनं जे काम दोन हजारांत केलं त्याच्या शेजारी उभं राहायचे पन्नास हजार, आणि त्यात वॉचमन सापडेपर्यंतचा वेळ धरलेला आहे की नाही, हे स्पष्ट नाही. हा दर कुणी ठरवला? कुणीच नाही. रेरातसुद्धा दलालीचा दर ठरवलेला नाही, पण तिथे निदान हिशेबाच्या वह्या ठेवायचं कायद्यानं सांगितलेलं आहे. इथे वही म्हणजे त्याची छाती. ‘मार्केटच तसं आहे काका,’ असं म्हणताना तो तिच्यावर हात ठेवतो.

बरं, पंचवीस हजार एकदाच द्यायचे असते तर मी गप्प बसलो असतो. अकरा महिने संपतात. भाडेकरू तोच, घर तेच, ओल तीच, थोडी वाढलेली. मालक अमेरिकेतून म्हणतात, राहू दे मुलाला, चांगला आहे. करार पुन्हा करायचा एवढंच. आणि त्या दिवशी, वर्षभरात ज्याचा एक फोन आला नाही, गीझर बंद पडला तेव्हा ज्याचे दोन्ही नंबर लागले नाहीत, तो हजर. रिन्यूअलचे अर्धे. कशाचे, असं विचारलं तर दुखावतो. लग्न जमवणारे मध्यस्थसुद्धा दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मानपान मागायला येत नाहीत.

सगळ्यात किरकोळ त्रास सांगायचा राहिला. एकदा घर पाहिल्यावर आपला नंबर पुढे जातो. कुठे जातो ते विचारू नये. तळेगावला प्लॉट, मुळशीला फार्महाउस, हिंजवडीला प्री-लाँच, आणि एकदा तर दुबई. पुतण्याचं घर सेमी फर्निश्ड होतं, माझा नंबर मात्र बाजारात फुल्ली फर्निश्ड फिरतो आहे. त्यात माझं नाव ‘वारजे काका २५ हजार’ असं सेव्ह केलेलं आहे, हे एका मुलीनं फोनवर चुकून वाचून दाखवलं.

या दिवसांत मला बुकी आठवायला लागला. वाईट संगतीची आठवण आहे, कबूल. पण कायद्यानं त्याला किती शिस्तीत ठेवलंय ते पाहा. शर्यतीच्या मैदानांना परवाना देण्याचा कायदा १९१२ चा, मुंबई इलाख्यातला, अजून चालू आहे. त्याच्याही आधीचा, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा सांगतो, की घोड्यावर पैज लावणं गुन्हा नाही, मात्र ती शर्यतीच्या दिवशीच लावायची, परवाना असलेल्या मैदानात, त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारात किंवा सरकारनं मान्य केलेल्या जागीच, आणि परवानाधारक बुकीकडे किंवा टोटवर, म्हणजे मैदानाच्याच सामाईक पैजेत. तोच घोडा, तीच रक्कम, तोच दिवस, पण भिंतीच्या बाहेर उभं राहून लावली तर पोलिस. म्हणजे बुकीनं कुठे उभं राहायचं, कधी उभं राहायचं, कुणाच्या परवानगीनं उभं राहायचं, हे सरकारनं ठरवून दिलंय. माझ्या दलालानं कुठल्या भिंतीला टेकायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

पुण्यात पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर आणि हिवाळ्यापासून मुंबईत महालक्ष्मीला हा कारभार चालतो. रेसला जा असं मी सांगत नाही. तिथे संसार बुडवून घेतलेली माणसं दोन्ही शहरांनी भरपूर पाहिली आहेत. पण बुकीच्या पाटीवर प्रत्येक घोड्याचा भाव लिहिलेला असतो, पैसे द्यायच्या आधी, सगळ्यांना दिसेल असा. समजा तीनच घोडे धावताहेत. पहिल्याला रुपयाला रुपया, दुसऱ्याला रुपयाला दोन, तिसऱ्याला रुपयाला तीन. आता या भावांमागच्या शक्यता मांडा. पन्नास, सव्वातेहतीसच्या किंचित वर आणि पंचवीस. बेरीज शंभर यायला हवी, येते एकशे आठच्या वर. ते वरचे आठ म्हणजे बुकीचं पोट. शंभर रुपयांच्या धंद्यात त्याला साधारण पावणेआठ सुटतात, तेही घोड्यांवर पैसे या शक्यतांच्या प्रमाणात लागले तर. नाही लागले तर तो स्वतः बुडतो.

माझा दलाल अकरा महिन्यांच्या भाड्यातला एक महिना घेतो. शेकडा नऊ. तेवढेच पुन्हा मालकाकडून. आणि बुडायची भीती शून्य. दोघांच्या धंद्यात मला एवढाच फरक सापडला, की बुकीकडे घोडा धावल्यावर कळतं तो कसा आहे, आणि इथे पैसे दिल्यावर.

शिवाय बुकी ‘खाण्याचं काय?’ असं विचारत नाही. पाटीवरचा घोडा सकाळीच गेला असं म्हणत नाही. आणि पुढच्या रविवारी येऊन, मागच्या रविवारच्या घोड्याचं रिन्यूअल द्या असंही म्हणत नाही.

तरी सरकारचं लक्ष कोणावर? बुकीवर. शर्यतीवरच्या पैजेवर जीएसटी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. आता घोडा, खासगी विमान आणि कोल्ड्रिंकची बाटली एका पंगतीला बसतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं पैशावरचे ऑनलाइन खेळ सरळ बंदच केले. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलंय, की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे. भाड्याचं घर मिळणं यातलं काय आहे, यावर अजून निकाल यायचा आहे.

नियम नकोत असं सरकारचं धोरण आहे म्हणावं, तर तेही नाही. आपल्या राज्यानं १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा केला होता. राज्यात कॅसिनो नव्हता. कायदा झाला, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि जवळपास अर्धशतक तो पुस्तकात पडून राहिल्यावर २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. नसलेल्या कॅसिनोसाठी आपण सत्तेचाळीस वर्षं कायदा सांभाळला. असलेल्या दलालासाठी एक परिपत्रक मागतोय.

इंग्लंडातही काही वेगळं नाही, म्हणून थोडा दिलासा वाटतो. तिथे बुकीला परवाना लागतो आणि घरं विकणाऱ्या एजंटाला अजूनही लागत नाही. २०१९ मध्ये सरकारनंच नेमलेल्या लॉर्ड बेस्ट यांच्या गटानं परवाना आणि पात्रता दोन्ही हवीत असा अहवाल दिला. अहवाल चांगला असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. दीडशे वर्षांत आपण त्यांच्याकडून बरंच शिकलो, त्यातलं हे नीट जमलेलं दिसतं.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं असं लिहिलेलं आहे. महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही. आमचे अमेरिकेतले मालक पाच महिन्यांवर खूश आहेत, तेव्हा त्यांच्या तब्येतीच्या दृष्टीनंही घाई नको असेल.

माझी मागणी अगदी साधी आहे आणि ती मी गृहनिर्माण विभागाकडे इथूनच करतो, कारण तिथल्या ऑनलाइन तक्रारीच्या खान्यात भाड्याचा पर्याय सापडत नाही. भाड्याच्या दलालाची परीक्षा नको. वीस तासांचं प्रशिक्षणही नको, तो बिचारा बसायचा कुठे, त्याला दोन मिनिटांत बाणेरला पोचायचं असतं. त्याला फक्त एक नंबर द्या, मोबाइलव्यतिरिक्त. आणि ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक पाटी लावायला सांगा: दलाली किती, कोणाकडून, कशाबद्दल, रिन्यूअलला काय. बुकी एवढं लिहितो. खडूनं लिहिलं तरी चालेल.

तोवर वाचकांपैकी कुणाला कर्वेनगर-वारजे भागात दोन खोल्या, दोन्ही उघडणाऱ्या, भाड्यानं द्यायच्या असतील, तर त्यांनी थेट कळवावं. मुलगा सरळ आहे, खाण्याचं सगळं चालतं. मधल्या माणसानं फोन करू नये, आणि केलाच तर आधी परीक्षेचा रोल नंबर सांगावा.